उलट टपाली

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘संपर्क’ हा विषय दिला, तेव्हा मनात आलं की संपर्काची गरज सर्वांत तातडीची कुठे असते ते आधी पाहावं. गप्पा उद्यावर टाकता येतात, पैसे परवा पाठवले तरी चालतात. पाच दिवसांचं लेकरू दूध पिईनासं झालं की मात्र थांबता येत नाही. म्हणून मी परभणी जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यात, वालूरच्या शिवारात गेलो. ज्या भागात रेंज येते-जाते, तिथे आजाराचा निरोप कसा जातो, कुणाकडे जातो आणि त्याला उत्तर कोण देतं, हे मला पाहायचं होतं.

सेलूच्या पुढे

सेलू हे मनमाडहून परभणीकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरचं स्टेशन, दुधनेच्या खोऱ्यातलं बाजाराचं गाव. तिथून वालूरला जाताना दोन्ही बाजूंना सोयाबीन, कापूस आणि तूर दिसते. वालूर जुनं गाव आहे. गोल फिरत खाली उतरणाऱ्या पायऱ्यांच्या त्याच्या बारवेमुळे आता लांबलांबचे लोक त्याला ओळखतात. आसपासच्या गावांसाठी वालूरची ओळख मात्र दवाखान्याचं गाव अशी आहे, कारण प्राथमिक आरोग्य केंद्र इथे आहे.

सरकारी मापाप्रमाणे सपाट भागात ५ हजार लोकसंख्येला एक उपकेंद्र, ३० हजारांना एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि साधारण हजार माणसांमागे एक आशा स्वयंसेविका. कागदावर ही साखळी नीट जुळते. प्रत्यक्षात तिची पहिली कडी गावठाणाच्या बाहेर असते. परभणी, हिंगोली, नांदेडकडे शेतातल्या वस्तीला आखाडा म्हणतात. तिथे सालगडी असतो, त्याची बायको-लेकरं असतात, म्हातारी माणसं असतात. पावसाळ्यात आखाड्याकडे जाणाऱ्या पाणंदीत काळी चिकण माती गुडघ्यापर्यंत धरते. मोटारसायकल चिखलात रुतते आणि चप्पल हातात घ्यावी लागते.

रेंजचं गणितही या मातीसारखंच जागेजागेला बदलतं. गावात चौकात उभं राहिलं तर व्हिडिओ चालतो. पत्र्याच्या घरात शिरलं की रेंज जाते. आखाड्यावर बांधावर चढून, फोन उंच धरून बोलावं लागतं. वीज बराच वेळ गेली की टॉवरची बॅटरी उतरते आणि मग चौकातही शांतता होते. ‘आमच्याकडं रेंज नाही’ असं इथे कुणी म्हणत नाही, ‘आत्ता रेंज नाही’ असं म्हणतात. नकाशावर हा भाग नेटवर्कखाली आलेला दिसतो. माणसाला गरज पडते त्या घटकेला ते असेलच याची खात्री मात्र नसते. आरोग्याच्या कामासाठी तंत्रज्ञान निवडायचं तर हा ‘आत्ता’ धरूनच निवडावं लागेल.

ताईंच्या हातातला फोन

घरी जन्मलेल्या आणि दवाखान्यातून घरी आलेल्या नवजात बाळांच्या घरी आशाताईंनी जायचं असतं. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीची एक भेट जास्त. २०११ पासून देशभर ही पद्धत आहे.

अशी एक भेट जवळून पाहिली. ताईंनी आधी हात धुतले, मग बाळंतिणीशेजारी मांडी घालून बसल्या. बाळाच्या काखेत थर्मामीटर लावला. कापडाच्या झोळीत बाळ ठेवून काट्यावर वजन केलं. मग अंगावरचं कापड बाजूला सारून, घड्याळ समोर धरून, पोटाची हालचाल मोजत एक मिनिट गप्प बसल्या. बाळाच्या आजीनं मध्येच काही विचारलं, तर मान न वळवता नुसता हात वर केला. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त असेल तर धोका, हे त्यांना पाठ आहे. पाय हातात घेऊन ते गार आहेत का पाहिलं. आईला विचारलं, ‘पितंय का नीट? रातच्याला कितीदा उठलं?’ सगळं वहीत लिहिलं.

खरं आरोग्याचं काम इथे संपलं. त्यानंतर फोनचं काम सुरू झालं. वहीतलं रजिस्टरात, रजिस्टरातलं ॲपमध्ये. गरोदर मातांची नोंद वेगळी, लसीकरणाची वेगळी, आभा कार्ड वेगळं, आयुष्मान कार्डाची ई-केवायसी वेगळी. ओटीपी येतो तो नवऱ्याच्या नंबरवर, आणि नवरा असतो रानात. पान फिरत राहतं आणि नोंद अर्ध्यात अडकते. रात्री सगळं आवरल्यावर रेंज बरी असते, तेव्हा त्या अंगणात बसून राहिलेल्या नोंदी भरतात.

या सगळ्या नोंदी वर जातात आणि वरून बहुतेक वेळा एकच गोष्ट खाली येते: अमुक नोंदी बाकी आहेत, आजच्या आज भरा. काल कळवलेल्या कमी वजनाच्या बाळाचं पुढे काय करायचं, हे ॲप सांगत नाही. त्यासाठी ताई उपकेंद्रातल्या सिस्टरांना फोन लावतात. सिस्टर उचलतात तेव्हा काम होतं.

या भागातल्या आरोग्य-तंत्रज्ञानाकडे पाहण्याची कसोटी मला इथे मिळाली. निरोप किती वेगानं वर गेला हे पाहून भागत नाही. ज्या बाईनं तो पाठवला तिला उलट टपाली काय आलं आणि किती वेळात आलं, हे पाहायला हवं.

महाराष्ट्रानं याचा धडा एकदा घेतला आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारनं दिलेले मोबाईल कार्यालयांत नेऊन परत केले. फोनची क्षमता अपुरी होती, ते गरम होत, बंद पडत, दुरुस्तीचा खर्च अंगावर येई, आणि त्याच वर्षी आलेलं पोषण ट्रॅकर ॲप मराठीत चालत नव्हतं. पुढे २०२३-२४ च्या संपात आशांनीही ऑनलाइन कामाची सक्ती नको, असं ठामपणे सांगितलं. या बायका तंत्रज्ञानाच्या विरोधात आहेत असा त्याचा अर्थ लावला गेला, पण तसं नाही. फोनवरून सल्ला मिळाला, गाडी आली, पेशंट वाचला, तर त्या फोनला त्या देवासारखं जपतात. मदत न देता नुसता हिशेब मागणाऱ्या यंत्राला त्यांचा विरोध आहे.

सत्तर अक्षरांचा निरोप

स्वस्त आणि तुटक्या जोडणीत टिकणारं साधन कोणतं? उत्तर बरंच जुनं आहे. पहिला एसएमएस ३ डिसेंबर १९९२ ला गेला. आज तो आपल्याकडे ओटीपी आणि जाहिरातींपुरता उरला आहे, पण त्याची रचना वालूरच्या आखाड्यासाठीच केल्यासारखी आहे.

बोलण्यासाठी फोन आणि टॉवर यांच्यात सलग वाट मोकळी लागते. जीएसएम फोनचा एसएमएस तशी वाट मागत नाही. फोन आणि टॉवर एकमेकांना ‘मी इथे आहे’ असं सांगत राहतात, त्या देवाणघेवाणीच्याच मार्गिकेवरून तो सरकतो. म्हणून आवाज तुटतो तिथेही एसएमएस जातो. शिवाय तो वाट पाहतो. समोरचा फोन बंद असेल तर कंपनीच्या केंद्रात निरोप थांबून राहतो आणि फोन सुरू झाला की पोचतो. तंत्रज्ञ याला साठवा आणि पुढे पाठवा म्हणतात. २००३ च्या सुमारास बंगळूरजवळच्या डोड्डबळ्ळापूर तालुक्यात हीच कल्पना बसवर चढवली गेली होती. बसमध्ये वायफायचं यंत्र ठेवलं होतं. ती गावात थांबली की तिथला मजकूर उचलायची आणि शहरात पोचली की पुढे सोडायची.

एका एसएमएसमध्ये इंग्रजीची १६० अक्षरं बसतात, देवनागरीची ७०. काना, मात्रा, अनुस्वार वेगळे मोजले जातात. तरी हा निरोप पाहा:

‘बाळ ५ दिवस, वजन १८००, अंग थंड, पीत नाही, येऊ का?’

यात अठ्ठेचाळीसच भरतात. डॉक्टरला लागणारं बहुतेक सगळं त्यात आलं, आणि बावीस जागा शिल्लक राहिल्या.

या साधेपणावर आफ्रिकेत मोठं काम उभं राहिलं. मलावी देशात नामितेते इथे सेंट गॅब्रिएल हॉस्पिटल आहे. आसपासचे आरोग्यसेवक मैलोन् मैल चालत येऊन कागद द्यायचे. २००८ मध्ये जॉश नेस्बिट या तरुणानं तिथे जुने मोबाईल नेले. केन बँक्स यांनी २००५ मध्ये बनवलेली फ्रंटलाइन-एसएमएस ही मोफत प्रणाली एका लॅपटॉपवर घातली. लॅपटॉपला इंटरनेटची जोडणी लागत नव्हती, एक सिमकार्ड पुरे होतं. पहिल्या सहा महिन्यांत कर्मचाऱ्यांच्या फेऱ्यांचे १,२०० तास आणि मोटारसायकलच्या इंधनाचे तीन हजारांवर डॉलर वाचले, आणि निरोपांवरून हेरलेल्या शंभरावर क्षयरुग्णांचे उपचार सुरू झाले. यातला ‘सुरू झाले’ हा भाग महत्त्वाचा, कारण लॅपटॉपपाशी निरोप वाचून उठणारं माणूस बसलेलं होतं.

आपल्याकडे कोल्हापूर जिल्ह्यातल्या वारणा सहकारी साखर कारखान्याच्या परिसरात असाच प्रयोग झाला, उसासाठी. १९९८ मध्ये गावोगावी संगणक बसवून ‘वायर्ड व्हिलेज’ उभारलं होतं. काही वर्षांत ते संगणक थकले. मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या बंगळूरच्या गटानं २००६ च्या सुमारास सात गावांत संगणकाच्या जागी साधा फोन आणि एसएमएस आणला. शेतकऱ्यानं विचारायचं, ऊस किती टन भरला, आणि उत्तर फोनवर यायचं. मुळात संगणकावर लोक हेच पाहायला येत होते. मग तेवढंच फोनवर दिलं आणि काम भागलं. महागडं यंत्र मांडण्याआधी लोक त्याचा नेमका कशासाठी वापर करतात ते पाहावं, हे वारणेनं दाखवलं.

आज असं काही उभारायचं तर एक अडचण आहे. फसव्या संदेशांना आळा घालण्यासाठी दूरसंचार नियामकानं २०२१ पासून घाऊक संदेशांचे नमुने आधी नोंदवणं सक्तीचं केलं. हेतू चांगला आहे, पण एखाद्या छोट्या संस्थेला किंवा एकट्या डॉक्टरला आपला एसएमएस-फलक चालवणं त्यामुळे अवघड झालं. हे काम आता सरकारनंच करायला हवं, आणि सरकारला ते सहज शक्य आहे.

गोळीमागे लपलेला नंबर

मिस्ड कॉल ही तर गरिबानं स्वतः शोधलेली भाषा. एक रिंग म्हणजे पोचलो, दोन म्हणजे गाडी पाठव. पैसा लागत नाही आणि निरोप जातो. या सवयीवर एक देखणी कल्पना बेतली गेली. तिचं नाव ९९-डॉट्स.

क्षयरोगाची औषधं निदान सहा महिने रोज घ्यावी लागतात. पूर्वीच्या पद्धतीत पेशंटनं केंद्रावर जाऊन कुणासमोर तरी गोळी गिळायची असे. मजूर माणसाला त्यापायी रोज बुडवणं परवडत नसे. बिल थीस, अँड्र्यू क्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोळ्यांच्या पाकिटाला एक पुठ्ठ्याचं आवरण चढवलं. गोळी दाबून बाहेर काढली की आवरणाच्या आतला नंबर उघडा पडे. तो टोल-फ्री होता, त्यावर फोन लावायचा, रिंग गेली की आजची गोळी घेतली अशी नोंद. उद्या कोणता नंबर निघेल हे आधी कळत नसे, म्हणून गोळी न काढता फोन लावणं अवघड होतं. लागणारं सामान म्हणजे पुठ्ठा आणि कुठलाही चालू फोन. सरकारी क्षयरोग कार्यक्रमानं ही कल्पना उचलली आणि लाखो पेशंटांपर्यंत नेली.

मग अभ्यासकांनी अचानक पेशंटांच्या घरी जाऊन लघवी तपासली. काहींनी गोळी घेतली होती पण फोन केला नव्हता. काहींनी फोन केला होता पण गोळी घेतली नव्हती. गोळी चुकण्यामागे विसरणं हे एकच कारण नसतं. मळमळ असते, उपाशीपोटी गोळी सोसत नाही, शेजाऱ्यांना कळेल ही भीती असते, दारू असते. नंबर यातलं काहीच ऐकू शकत नाही. ज्या ठिकाणी फोन न आलेल्या पेशंटाच्या घरी त्याच आठवड्यात कुणीतरी जात होतं, तिथेच त्या पुठ्ठ्याचं मोल होतं.

दरम्यान मिस्ड कॉलही फुकट राहिला नाही. पूर्वी एकदा सिम घेतलं की येणारे फोन येत राहायचे. २०१८ च्या अखेरीपासून कंपन्यांनी किमान रिचार्ज ठेवला. तो नाही मारला तर जाणारे, मग येणारेही फोन बंद. पुढे स्वस्त पॅक नेटसकट येऊ लागले. ज्या म्हातारीच्या कीपॅडच्या फोनवर इंटरनेट चालतच नाही, तिनंही नेटचे पैसे भरायचे. डिसेंबर २०२४ मध्ये नियामकानं फक्त बोलणं आणि एसएमएसचे पॅक ठेवणं बंधनकारक केलं, तेव्हा कुठे थोडी वाट झाली. रानातल्या मजुराचा रिचार्ज संपलेला असतो त्या आठवड्यात त्याच्या घरच्या पेशंटाशी असलेला व्यवस्थेचा धागाही तुटलेला असतो. स्वस्त तंत्रज्ञानाची किंमत मांडताना यंत्राची किंमत सगळे धरतात, महिन्याचा रिचार्ज कुणी धरत नाही. आशाताईंच्या फोनचा रिचार्ज तर त्यांच्याच खिशातून जातो.

आवाज येतो, ऐकून घेत नाही

लिहिता-वाचता न येणाऱ्यांसाठी आवाज हेच माध्यम. ‘किलकारी’ ही केंद्राची सेवा गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यापासून बाळ वर्षाचं होईपर्यंत आईच्या फोनवर दर आठवड्याला एक ध्वनिमुद्रित निरोप ऐकवते, एकूण ७२ निरोप. बिहारमध्ये तिची सुरुवात झाली, २०१६ मध्ये ती राष्ट्रीय झाली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रात आली. तिच्यासोबत आशांसाठी फोनवरून ऐकायचा अभ्यासक्रमही आहे. त्याआधी मुंबईत डॉ. अपर्णा हेगडे यांच्या ‘अरमान’ संस्थेनं ‘एम-मित्र’ चालवलं होतं. त्यात आईला कोणत्या वेळेला फोन हवा ते आधी विचारून घेत.

साधा कीपॅडचा फोन पुरतो, नेट लागत नाही, आईला पैसे पडत नाहीत. सगळं जमेचं आहे. मध्य प्रदेशात ‘किलकारी’चा मोठा अभ्यास झाला. गर्भनिरोधक साधनांचा वापर काहीसा वाढलेला दिसला, निव्वळ स्तनपानाच्या प्रमाणात मात्र फरक पडला नाही. हे समजण्यासारखं आहे. बाळंतीण घरात एकटी निर्णय घेत नाही. फोन नवऱ्याचा, तो दिवसभर त्याच्या खिशात. पहिलं दूध द्यायचं की गुळाचं पाणी, हे सासू ठरवते. निरोप आला, सुनेनं ऐकलाही, पण सासूनं ‘आमच्या वक्ताला असं नव्हतं’ म्हटल्यावर त्या ध्वनिमुद्रणाला तिच्याशी बोलता येत नाही. आशाताईंना ते येतं. त्या सासूशेजारी बसतात, तिच्या हातचा चहा घेतात, तिच्याच एका गेलेल्या लेकराची आठवण काढतात आणि मग विषयाला हात घालतात. निरोपानं ताईंची बाजू भक्कम होते. ताईंच्या जागी तो उभा राहू शकत नाही.

काय कळवायचं, हे शिकवणारे

फोन नव्हते तेव्हाही महाराष्ट्रानं दूरवरच्या गावांत जीव वाचवून दाखवले आहेत, आणि जगानं त्यांच्याकडून शिकून घेतलं आहे.

गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेच्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्यापुढे प्रश्न होता की फारशी मोजणी न येणाऱ्या सुईणीनं बाळाचा न्यूमोनिया कसा ओळखायचा. त्यांनी एक श्वासमोजणी यंत्र केलं. एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांची ओळ. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत ठरलेले मणी सरकले तर न्यूमोनिया. वीज नाही, बॅटरी नाही. पुढे गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार करून त्यांनी ३९ गावांत घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेतली. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापून आले. हजार जन्मांमागे ६२ बाळं महिन्याच्या आत दगावत होती, ते प्रमाण २५ च्या आसपास आलं. वालूरच्या आशाताई आज ज्या भेटी देतात त्यांचं मूळ इथे आहे.

संपर्काच्या दृष्टीनं या शिक्षणाला मोठा अर्थ आहे. ‘बाळाला बरं नाही’ या निरोपावर डॉक्टर काहीच करू शकत नाही. ‘श्वास ७०, छाती आत ओढतंय’ एवढं कळलं की तो लगेच ठरवू शकतो. शिकलेली बाई निरोप छोटा करते, आणि छोटा निरोप एका काडीच्या रेंजमध्येही जातो. तिच्या शिक्षणावर घातलेला पैसा टॉवरवर घातलेल्या पैशाइतकाच संपर्कासाठी असतो.

जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केलं आणि निरक्षर बायकांतून ग्राम आरोग्यसेविका घडवल्या. त्या आठवड्यातून एकदा केंद्रावर जमायच्या, अडलेले पेशंट डॉक्टरांपुढे आणि एकमेकींपुढे मांडायच्या आणि उत्तरं घेऊन गावी जायच्या. आमच्या मराठवाड्यात तुळजापूर तालुक्यातल्या अणदूरला डॉ. शशिकांत अहंकारी यांच्या हॅलो मेडिकल फाउंडेशननं ‘भारतवैद्य’ तयार केल्या. या सगळ्यांत माहिती वर गेली तशी खालीही आली, ठरलेल्या दिवशी आणि ओळखीच्या माणसाकडून.

नेमक्या निरोपाची किंमत डॉ. हिंमतराव बावस्कर यांच्या कामातूनही कळते. ते मूळचे जालना जिल्ह्यातल्या देहेडचे. रायगड जिल्ह्यात सरकारी नोकरीत असताना त्यांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन ही रक्तदाबावरची स्वस्त गोळी वापरून दाखवली आणि दगावणाऱ्यांचं प्रमाण कमालीचं खाली आणलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. या शोधाचा फायदा मिळायला रानातल्या पेशंटाशेजारच्या माणसापर्यंत आणि जवळच्या केंद्रातल्या डॉक्टरपर्यंत एवढीच ओळ वेळेत पोचावी लागते: हात-पाय गार, घाम, नाडी जोरात, तर ही गोळी द्या आणि लक्ष ठेवा. सोयाबीनच्या सुगीत, पेंढ्या उचलताना विंचू डसतो तेव्हा त्या एका ओळीला फार किंमत असते.

प्लास्टिकच्या पिशवीतलं कार्ड

हा अंक तुमच्या हाती येईल तेव्हा परभणी जिल्ह्यातली हजारो कुटुंबं ऊसतोडीला निघालेली असतील. दसरा-दिवाळीच्या सुमारास ट्रक-ट्रॅक्टर भरतात, पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. त्यांत गरोदर बायका असतात, तान्ही लेकरं असतात. इथल्या आशाताईंच्या यादीत नाव राहतं, बाई मात्र फडावर. तिथल्या ताईंना ती कोण हे ठाऊक नसतं.

तिच्याजवळ एक वस्तू असते. माता व बालसंरक्षण कार्ड, जाड कागदाचं, घडीचं. रक्तगट, हिमोग्लोबिन, टीडीच्या इंजेक्शनची तारीख, आधीचं सिझेरियन, बाळाच्या वजनाची रेघ, पुढची लस कधी. कोल्हापूरकडच्या कुठल्याही सिस्टरनं उघडलं की तिला सगळं कळतं. त्याला रेंज लागत नाही, चार्जिंग लागत नाही, पासवर्ड लागत नाही. बायका ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून, रेशनकार्डासोबत पेटीच्या तळाशी ठेवतात.

ॲपमध्ये नोंद झाली म्हणून हे कार्ड अर्धवट भरण्याची सवय वाढत चालली आहे. ती मोडली पाहिजे. फडावर जाण्याआधी प्रत्येक गरोदर बाईचं कार्ड पुरतं भरलं जावं आणि त्यावर आपल्या सिस्टरांचा नंबर मोठ्या अक्षरांत लिहिला जावा. दूरच्या दवाखान्यातला डॉक्टर त्या नंबरवर फोन लावून विचारू शकेल. कागद आणि कीपॅडचा फोन यांच्या जोडीइतकं स्वस्त आणि फिरतीला टिकणारं दुसरं साधन मला तरी दिसत नाही.

फोन उचलणारं माणूस

१०८ च्या रुग्णवाहिकेचं उदाहरण डोळ्यांपुढे आहे. जानेवारी २०१४ मध्ये ९३७ गाड्यांसह ती राज्यात सुरू झाली. नंबर तीनच आकड्यांचा, कुठल्याही फोनवरून लागतो, बोलायचं मराठीत. तक्रारी पुष्कळ आहेत, गाडी उशिरा येते, कधी येतच नाही. तरी आखाड्यावरच्या निरक्षर माणसालाही तो नंबर पाठ आहे, कारण पलीकडे कुणीतरी फोन उचलतं. लोकांचा विश्वास बसतो तो तिथेच.

‘ई-संजीवनी’नं या विश्वासाला आणखी पुढे नेलं असतं. सीडॅकच्या मोहालीच्या केंद्रानं बनवलेली ही सेवा २०१९ च्या नोव्हेंबरात सुरू झाली. उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी पेशंटला समोर बसवून दूरच्या डॉक्टरांशी बोलतात. फेब्रुवारी २०२३ पर्यंत देशात दहा कोटी सल्ले झाले. संख्या थोर आहे. पण तिचा पाया व्हिडिओवर, म्हणजे चांगल्या नेटवर. इथे पुन्हा ‘आत्ता रेंज नाही’ आडवं येतं. नेट गेलं की हीच सेवा आपोआप साध्या फोनवर आणि तेही नसेल तर एसएमएसवर उतरली पाहिजे. अशा उतरत्या पायऱ्या पहिल्यापासून बांधलेल्या असाव्या लागतात.

निरोप गेला की कुणीतरी उठतं, अशी व्यवस्था एका यंत्रासाठी आपण करून दाखवली आहे. लस ठेवण्याच्या आयएलआर फ्रिजला ‘ई-विन’ या राष्ट्रीय प्रणालीत सिम असलेला तापमापक जोडतात. आतलं तापमान २ ते ८ अंशांच्या बाहेर गेलं की जबाबदार माणसांना आपोआप एसएमएस जातो. लस खराब होऊ नये म्हणून रात्री-अपरात्री कुणीतरी उठतं. ही व्यवस्था उत्तम आहे. तिच्यात सगळं ठरलेलं आहे: कोणत्या आकड्याला धोका म्हणायचं, निरोप कुणाला जायचा, कुणी उठायचं. पाच दिवसांच्या, १८०० ग्रॅमच्या, थंड पडलेल्या बाळासाठी यातली पहिली गोष्ट ठरलेली आहे. दुसरी आणि तिसरी अजून माणसांच्या चांगुलपणावर सोडलेली आहे.

ती ठरवायला मोठा पैसा लागत नाही. तालुक्याला एक नंबर हवा, ज्यावर आशाताईंचा एसएमएस किंवा मिस्ड कॉल आला की पाळीवरच्या डॉक्टरनं अर्ध्या तासात उलट फोन केलाच पाहिजे. त्याची वेळ नोंदली जावी आणि मासिक बैठकीत तालुका आरोग्य अधिकाऱ्यांनी ताईंच्या बाकी नोंदींआधी डॉक्टरांच्या बाकी उत्तरांचा हिशेब विचारावा. ताईंचा रिचार्ज हा थर्मामीटर-वजनकाट्यासारखाच कामाच्या साहित्यात धरावा. ॲप रेंजशिवाय पूर्ण चालावं, मराठीत चालावं आणि धोक्याचा आकडा भरताच पुढे काय करायचं ते त्याच पानावर सांगावं.

यातलं काही गावालाही करता येतं. प्रत्येक महसुली गावात ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते. तिला वर्षाला १० हजार रुपयांपर्यंतचा अबंधित निधी मिळतो. त्याचं काय करायचं ते समिती ठरवते. आखाड्यांवरच्या गरोदर बायकांची यादी, पावसाळ्यात पाणंदीतून पेशंट बाहेर काढायला ठरवून ठेवलेला ट्रॅक्टर, त्या ट्रॅक्टरवाल्याचा नंबर प्रत्येक कार्डावर, आणि ताईंचा रिचार्ज. पुढच्या ग्रामसभेत हे चार विषय मांडायला कुणाच्या परवानगीची गरज नाही. आणि तालुक्याचे साहेब ग्रामसभेला आले तर त्यांना किती फोन वाटले हे विचारू नये. गेल्या महिन्यात आमच्या ताईंनी किती निरोप पाठवले आणि त्यातल्या कितींना त्याच दिवशी उत्तर मिळालं, ते विचारावं. हा प्रश्न गावोगाव विचारला जाऊ लागला, तर उत्तर देणारी माणसं नेमावीच लागतील.